पंप बदलण्याआधी बल्ब लावून पाहा

मागच्या रविवारी सकाळी सहा वाजता, आंगणातल्या कडुनिंबाखाली मी आणि माझ्या पुतण्यानं माझ्या बारा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीचा फ्युएल पंप बदलला. साडेआठला गाडी चालू झाली. तेव्हापासून गावातल्या चार जणांनी विचारलं, घरी जमते का हे? जमते. पण त्याआधी मला दुसरंच सांगायचं आहे, कारण माझे एकदा पैसे गेले आहेत आणि तुमचे जाऊ नयेत.

दोन वर्षांपूर्वी हीच गाडी यवतमाळहून येताना बंद पडली. टोचन लावून एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं चावी फिरवली, कान लावला आणि म्हणाला, "भाऊ, पंप गेला. दुसरं काई नाही." ना व्होल्टेज मोजायचं मीटर काढलं, ना फ्यूज पाहिला. जाळी, पेट्रोल किती आहे ते दाखवणारा फ्लोट, मोटर अशी पूर्ण असेम्ब्ली बदलली. कापूस विकून आलेले पैसे मी तिथं मोजले. दीड महिन्यात गाडी पुन्हा बंद. तेव्हा पुतण्यानं मागची सीट उचलली. तो वावरातल्या मोटरी दुरुस्त करतो. पंपाची अर्थिंगची वायर उंदरानं कुरतडली होती. दोन-तीन तारा तेवढ्या शिल्लक होत्या आणि वायर पंपाला जोडणाऱ्या प्लगच्या तोंडाशी प्लास्टिक जळून तपकिरी झालं होतं. वीतभर नवी वायर आणि एक प्लग टाकला, गाडी चालू झाली. जुना पंप मी मागितलाच नव्हता, त्यामुळे तो चांगला होता की नाही हे आता कधीच कळणार नाही. याचा मला अजून राग येतो.

आपल्याकडे हे होणारच. गाडी गोठ्याजवळ उभी, बाजूला कुटार, घरात सोयाबीनची पोती. उंदीर गाडीत शिरतातच. म्हणून गाडी बंद पडली की आधी वायर पाहा.

पंपाचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो. जुन्या कार्बोरेटरच्या मारुती 800 ला पंप इंजिनवरच असायचा, इंजिनच्याच जोरावर चालायचा. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तो पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो, विजेवर चालतो आणि साधारण 3 बार दाबानं पेट्रोल पुढे ढकलतो. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो, तो याचाच. आवाज आला नाही म्हणजे पंप गेला असं लोक धरून चालतात. पण फ्यूज उडाला, रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) अडकला, वायर तुटली तरी आवाज येत नाहीच.

आता नुसतं मीटर लावूनही माणूस फसतो. हे मला पुतण्यानं दाखवलं, आणि सगळ्यात जास्त कामाचं हेच आहे. प्लग काढून मीटर लावलं तर कुरतडलेल्या वायरवरही 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. दोन तारांतूनही तेवढं येते. पंप मात्र चार-पाच अँपिअर ओढतो. मग त्या दोन तारा कमी पडतात आणि व्होल्टेज खाली बसते. वावरातल्या मोटरचं असंच असते ना, मीटरवर व्होल्टेज दिसते आणि स्टार्टर दाबला की मोटर नुसती गुरगुरते. म्हणून हेडलाइटचा जुना बल्ब घ्यायचा. 60 वॅटचा बल्ब साधारण 5 अँपिअर ओढतो, म्हणजे पंपाइतकाच. त्याला लांब वायरी जोडायच्या, टाकीचं झाकण बंद असतानाच प्लगमध्ये लावायच्या आणि बल्ब दाराबाहेर दूर ठेवायचा. मग दुसऱ्यानं चावी फिरवायची. बल्ब पुरा पेटला तर करंट बरोबर येते, मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर दोष वायर, फ्यूज किंवा रिलेत. पेट्रोलचा जरासाही वास येत असेल तर हे करूच नका.

या वेळी आम्ही हेच केलं. घाटंजीच्या रस्त्यावर भर दुपारी गाडी बंद पडायची आणि अर्ध्या तासानं थंड झाली की आपोआप चालू व्हायची. शेवटी तेही थांबलं. टाकीला खालून बुक्की मारली तर एकदा पंप फिरला. बल्ब लावला. "काका, बल्ब त पुरा पेटला. करंट बरोबर येऊन राहिला, पंपच गेला." तेव्हा कुठे मी नवा पंप मागवला. तोही नुसती मोटर आणि जाळी, पूर्ण असेम्ब्ली नाही. चौथाई पैशात काम झालं. मोटर वेगळी मिळत असताना गिऱ्हाइकाला ते सांगायचंच नाही, ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

बदलायचं काम हाताला जड नाही. ट्रॅक्टरच्या डिझेल लाइनची हवा काढणारा कोणताही कास्तकार हे करू शकतो. माझ्या गाडीला सीटखाली झाकण आहे. काही गाड्यांना ते नसते, पूर्ण टाकी उतरवावी लागते. तशी गाडी असेल तर घरी हात घालू नका. पण पेट्रोलला डिझेल समजू नका, हे हात जोडून सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरकत जाते, नालीत आणि गोठ्यात जाऊन बसते. ठिणगी दहा हातांवर असली तरी भडका उडतो. म्हणून आम्ही मे महिन्यात सकाळी सहाची वेळ धरली. शेजारच्या काकूंना चूल उशिरा पेटवायला सांगितली. आबाजी बिडी घेऊन पाह्यला आले, त्यांना फाटकाबाहेरच थांबवलं. मोबाईल घरात ठेवले. पावडरचा अग्निशामक जवळ ठेवला, कारण पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं की आग आणखी पसरते.

टाकीत पेट्रोल थोडंच ठेवलं होतं. पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारला, लाइनमधला दाब उतरवला, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. झाकणावर दोन वर्षांची माती साचली होती. ती आधी ओल्या फडक्यानं पुसली, नाहीतर सगळी टाकीत जाते. पंप टाकीवर आवळून धरणारी रिंग सैल करायला लोखंडी छिन्नी नाही लावली, बाभळीचा तुकडा आणि हातोडा. पंप बाहेर काढताना फ्लोटची दांडी वाकू दिली नाही. जाळी काढली तर ती काळी, चिकट, बोटाला डांबर लागावं तशी. खाली गाळ बसलेला. गावातल्या दुकानातून बाटलीनं घेतलेलं पेट्रोल आणि सदा रिझर्व्हवर चालणारी गाडी, दोन्ही माझ्याच घरचं. टाकीतलं पेट्रोलच त्या मोटरला थंड ठेवते. आपण दोनशेचं टाकून महिना काढतो आणि विदर्भाच्या उन्हात मोटर उघडी तापत राहते. आता मी पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

रबरी रिंग नवीच टाकली. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून दाब भरू दिला, जोडावर बोट फिरवून ओल पाहिली, आणि मगच सेल्फ मारला.

या वेळचा जुना पंप माझ्या फळीवर आहे. बल्बला लांब वायरी जोडलेल्याच ठेवल्या आहेत. गावात कोणाची गाडी अशी बंद पडली तर घेऊन जा, पुतण्यालाही पाठवतो. फक्त सकाळी लवकर बोलवा.