व्हिडिओ कॉल स्काइपच्या आधीही होते की!
ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ कॉल स्काइपपासून सुरू झाले असं लेखात म्हटलंय, ते चूक आहे. स्काइप आलंच २००३ ला, आणि कॉर्नेल विद्यापीठात १९९२ मध्येच अॅपलच्या मॅक कॉम्प्युटरसाठी सीयू-सीमी नावाचं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर बनलं होतं, काळंपांढरं चित्र, सुरुवातीला आवाजही नाही, पण रिफ्लेक्टर सर्व्हरमुळे (एकाचं चित्र बाकी सगळ्यांना पाठवणारा सर्व्हर) एकाच वेळी बरेच जण दिसायचे.

आणि मायक्रोसॉफ्टचं १९९६ चं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर नेटमीटिंग लेखातून कसं काय राहिलं? विंडोज २००० मध्ये ते आतच यायचं, स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये कॉन्फ (conf) टाइप केलं की सुरू. आमच्या पुण्याच्या ऑफिसात लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्याच कॉम्प्युटरांच्या नेटवर्कवर, समोरच्याच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता टाकून थेट कॉल लावायचो, इंटरनेट लागायचंच नाही. चित्र-आवाज एका वेळी एकाशीच, पण अॅप्लिकेशन शेअर करून चार-पाच जण एकच एक्सेल शीट बघायचो, आणि खरी मजा त्यातच होती, रोजचं काम त्यावर चालायचं.