टाका की पावर स्टेरिंग!

"दाजी, टाका की आता पावर स्टेरिंग!"

हे वाक्य यापुढं मला जो ऐकवेल त्याला जीपच्या बॉनेटवर बसवून यवतेश्वरचा घाट उतरवणार आहे. पाव्हणा असो, व्याही असो, नाहीतर नवरदेवाचा मामा असो. आधीच सांगून ठेवतोय, मागनं रुसायचं नाही.

काल लग्न होतं. हायवेच्या कडेचं मंगल कार्यालय, टळटळीत ऊन, मुहूर्त तोंडावर आलेला. फाटकातनं आत शिरलो तर पार्किंगला एक पोरगं उभं, गळ्यात शिट्टी, मिसरूड नुकतं फुटलेलं. अर्धं मैदान मोकळं असताना ह्या पठ्ठ्यानं मला जागा कुठं दाखवावी? केटररचा टेम्पो आणि विहिरीचा कठडा यांच्या मधली. का, तर "तिकडची जागा वरपक्षाला हाय." बरं बाबा. आता पावर स्टेरिंग नसलेल्या उभ्या जीपचं चाक जागच्या जागी वळवणं काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केलेलं नाही त्यांनी गप बसावं. पाठ सीटला रेटून, खांदा खाली घालून मी दोन्ही हातांनी ओढतोय, आणि हे बेणं समोर उभं राहून शिट्टी फुंकतंय. "काका, कट मारा! आजून मारा! फुल्ल मारा की!" अरे, मारतोयच की! मी काय स्टेरिंगला तेल चोळत बसलोय? मागनं एक पांढरी एसयूव्ही हॉर्न देतेय. थोडं मागं घेतलं, परत ओढलं, परत पुढं. तेवढ्यात नवा कुर्ता बगलेत टर्रकन उसवला. तो आवाज ऐकून बायको शांतपणे म्हणाली, "मी उतरते, तुम्ही या सावकाश." उतरली, पदर सावरला आणि मागं वळून न बघता निघून गेली. अक्षता सुरू झाल्या होत्या.

मग ते पोरगं दाराशी आलं. दार म्हणजे ताडपत्रीच. आवाज खाली आणून, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणालं, "काका, चावी देताय का? मी लावतो."

मी लावतो! जीप तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे रे सोन्या. पण दिली. मुद्दाम दिली. म्हटलं बस. बसला. सीट पुढं ओढायला गेला, ती येत नाही. आरसा हलवायला गेला, तो हातात आला. मग स्टेरिंगला हात घालून ओढलं. ढिम्म. माझ्याकडं बघितलं. परत ओढलं. आणि म्हणतोय, "काका, लॉक पडलंय वाटतं."

लॉक नाही बाळा. असंच असतं ते.

सगळ्या दिवसात तेवढंच काय ते सुख. तेही टिकलं नाही, कारण त्या मागच्या पांढऱ्या गाडीतनं आमचे मेहुणे उतरले. एका हातात फोन धरून, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं चाक फिरवून त्यांनी ती धूड गाडी वरपक्षाच्या जागेत लावली, त्यांना कुणी हटकलं नाही, आणि माझ्या खांद्यावर थाप मारून ते वरचं वाक्य बोलले. ज्या खांद्यावर मारली तोच दुखत होता.

पंगतीत तर नवरानवरी राहिली बाजूला, माझ्या स्टेरिंगचंच लग्न लागलं. मेहुणे म्हणतात, "वॅगनआरचा ईपीएस कॉलम टाका. जुन्याचा मिळतो. अर्ध्या दिवसाचं काम." अर्ध्या दिवसाचं काम म्हणणारा माणूस मला मुळात सहनच होत नाही. अर्ध्या दिवसात आमच्याकडं नळाचा वॉशर बदलत नाही. ईपीएस म्हणजे चाक वळवायला हात देणारी विजेची मोटर. जागेवर चाक वळवायला लागलं की ती करंट नुसता पिते, आणि माझा वीज तयार करणारा अल्टरनेटर हेडलाइट लावून वायपर चालू केला की कण्हतोय. शिवाय त्या मोटरला गाडी किती वेगानं चाललीय हे कळावं लागतं, म्हणजे वेग वाढला की ती जोर कमी करते. माझ्या जीपचा स्पीडोमीटरच मला वेग सांगत नाही, तो मोटरला काय सांगणार? सिग्नल नसला की ती आपली एकाच जोरावर अडकून बसते. पार्किंगमध्ये बरं वाटतं, आणि खंबाटकीत ऐंशीच्या वेगाला बोट लागलं की गाडी शेजारच्या लेनमध्ये. पण हे कुणाला सांगता? मेहुण्यांनी व्हिडिओ बघितलाय. व्हिडिओ बघितलेल्या माणसापुढं ब्रह्मदेवाचं चालत नाही.

समोर चुलतसासरे. त्यांचं वेगळंच. "आम्ही काय चालवल्या न्हाईत? कसलं पावर न् फिवर. आजकालच्या पोरांच्यात रगच न्हाई." आजकालचं पोरगं म्हणजे मी. डोक्यावर टक्कल आहे. अण्णा, तुमच्या जीपला सहा इंची टायर होते, 6.00-16, बारीक, नांगरटीत सुईसारखे घुसणारे. माझ्या चाकाला 235 चे आहेत, म्हणजे सव्वानऊ इंच रुंदीचा टायर डांबराला चिकटलेला. त्यात रिमला ऑफसेट, म्हणजे चाक बाहेर आलेलं, म्हणजे वळवताना ते जागेवर फिरत नाही, अर्धवर्तुळ घासत जातं. जड लागणारच. "मग टायर बदल," म्हणाले. टायर बदलणार नाही. का बदलणार नाही हे मी कुणाला सांगायला बांधील नाही. शोभतात, एवढं पुरे.

आणि कोपऱ्यातनं एक अनोळखी गृहस्थ, मठ्ठ्याचा पेला हातात: "त्यापेक्षा विकून नवी थार का घेत नाही?" का घेत नाही! हो की, सुचलंच नाही बघा. उद्याच जातो, येताना पिशवीतनं आणतो.

बरं, थारचं तरी काय? 2010 साली पहिली थार आली तेव्हा त्यातलं स्वस्तातलं डीआय मॉडेल घेणाऱ्याला पावर स्टेरिंग नव्हतंच. वरचं सीआरडीई मॉडेल घ्या, जास्त पैसे मोजा, मग चाक हलकं. तिकडं अमेरिकेत क्रायस्लरनं 1951 मध्येच इम्पीरियल गाडीला देऊन टाकलं होतं. म्हणजे साठ वर्षांनंतरही आमच्या नशिबात 'बेस मॉडेल घेतलंय तर ओढा'. माझी तर महिंद्राची जुनी एमएम 540, प्यूजोचं 2112 सीसी डिझेल. ती ज्यांनी बनवली ते स्टेरिंगचा विचार करताना घेणारा माणूस पैलवान असणार हे धरूनच चालले असावेत. आणि सातारा-सांगलीत तसा तो असायचाही.

ह्या सगळ्यांत एकानंही, एकानंही विचारलं नाही की बाबा, जड का झालंय? कालपरवापर्यंत चालवत होतासच ना?

सांगतो. मागं एकदा चाकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, जास्त वाटतो म्हणून गाडी एका फिटरकडं टाकली. त्यानं चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड बघितले नाहीत, ज्यावर चाक वळतं ते किंगपिन बघितले नाहीत, खाली वाकलाच नाही मुळी. वरनं स्टेरिंग बॉक्सचा, म्हणजे चाकाचा जोर खाली पोचवणाऱ्या गिअरच्या डब्याचा, अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पान्यानं आवळला, चेक नट टाइट केला आणि म्हणाला, "प्ले गेला." गेलाच. त्याच्याबरोबर चाक आपोआप सरळ व्हायचं तेही गेलं. आता घाटातल्या वळणावर चाक वळवलं की ते वळलेलंच राहतं, परत सरळ करायचं काम आपलंच. यवतेश्वरच्या वळणांवर मी वळवताना एकदा जोर काढतो आणि सरळ करताना एकदा. दुसरा फिटर नकलमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळणाऱ्या सांध्यात, ग्रीस भरलं म्हणाला, पैसे घेतले. ग्रीस भरायच्या निपलवरची माती तशीच वाळलेली होती. मातीतनं ग्रीस गेलं कसं, हे त्यालाच ठाऊक. शास्त्रज्ञ आहे तो.

आणि फोर बाय फोरमध्ये टाकून डांबरावर फिरणारे! हे मध्येच आठवलं, पण आठवलं तर बोलणारच. पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात, वळताना सगळं आवळून येतं, चाक दगडासारखं होतं, आणि हे मला विचारतात, "तुमची पण अशीच जड आहे का हो?" टू-व्हीलमध्ये टाक रे तो लिव्हर. तसंच ते कासला पठारावर गाडी घालून फोटो काढणारे. 2012 ला पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात कास आलं, आणि ह्यांना वाटलं वारसा म्हणजे आपल्यालाच मिळाला. ऑफरोडिंग करायचं तर चाळकेवाडीच्या पलीकडं कच्चे रस्ते काय थोडे आहेत? तिथं पाऊस पडून गेला की चाक चाकोरीतनं बाहेर काढून दाखवा, मग मिशीला पीळ द्या.

खरं सांगायचं तर त्या कच्च्या रस्त्यावरच मला पहिल्यांदा पावर स्टेरिंगची आठवण आली. पार्किंगचं सोडा, ते मानाचं दुखणं. पण ओढ्यात एखादा धोंडा पुढच्या चाकाला आडवा लागला की साध्या बॉक्सच्या स्टेरिंगचा चाकातनं असा हिसका येतो की आरा अंगठ्यावर बसतो. जुनी माणसं अंगठा आत घालू नका म्हणतात ते उगाच नाही. ऐनवेळी कोण लक्षात ठेवतो? तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक पावर स्टेरिंगमध्ये तो हिसका तेलातच जिरतो. हा एक मुद्दा कुणीतरी पंगतीत काढला असता तर मी जिलबी सोडून त्याच्या पाया पडलो असतो. नाही काढला. त्यांना चिंता विहिरीच्या कठड्याची.

अंगठ्यावरनं आठवलं. कोपर दुखतो म्हणून डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी दाबून बघितलं, म्हणाल्या, "टेनिस एल्बो आहे. कुठला खेळ खेळता?" मी छाती काढून म्हटलं, जीप चालवतो. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. घरी येऊन वाचलं तर लिहिलं होतं: वजन कमी करा. आता मी सगळीकडं सांगतो की मला खेळाडूंचा आजार झालाय. बायको पुढचं वाक्य पूर्ण करते.

आणि एवढं असूनही, बघा, त्या चाकाची मस्ती आहेच की मला. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर कुणी म्हणालं, "तुमची जीप मला नाही बुवा वळली," की दिवसभर बरं जातं. काल त्या पोरानं "लॉक पडलंय" म्हटल्यावर छाती फुगली होती, उसवलेल्या कुर्त्यातसुद्धा. हे असं आहे. शहाणा माणूस ह्याला काय म्हणेल ते मला माहीत आहे, म्हणून शहाण्या माणसांना मी जीपमध्ये घेत नाही.

तर आता काय करायचं. मिस्त्रीशी बोललोय, नव्या, तिसऱ्या. त्याला सांगितलं, आधी पुढची चाकं उचल आणि ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सकडनं चाकाकडं जाणारा दांडा, सोड. मग पुढचं चाक हातानं डावी-उजवीकडं वळवून बघ. जड लागलं तर दोष नकलात, हलकं लागलं तर बॉक्समध्ये. तो चक्क म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो." मला भरून आलं. किंगपिनचे बेअरिंग उघडायचे, शिम म्हणजे पातळ चकत्या बघायच्या, बॉक्सचा स्क्रू होता तिथं आणायचा. एवढं करून जड राहिलं तरच बोलेरोचा हायड्रॉलिक बॉक्स. त्यातही माझ्या इंजिनाला पंप बसवायला जागा नाही, म्हणजे ब्रॅकेट बनवा, डबल खाचेची पुली लेथवर काढून घ्या, तेलाची होज रेडिएटरच्या पंख्यापासून लांब न्या. आणि बॉक्स जिथं बोल्ट होतो तिथं चेसिसला आतनं प्लेट मारायची. आधी माणूस ओढायचा, आता पंप ओढणार, आणि जुनं चेसिस तिथंच चिरतं. हे काम न करता नुसता बॉक्स लटकवून देणारे पुष्कळ आहेत.

मेहुण्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण दाजी, घाटात बेल्ट तुटला तर? मग तर आत्तापेक्षा जड होणार की."

होणार. ते मला माहीत आहे. बंद पडलेलं पावर स्टेरिंग साध्यापेक्षा जड असतं, कारण आता साधा बॉक्स नाही, आता त्या पंपाचं तेलही आपल्याच हातानं ढकलायचं. म्हणून डॅशबोर्डखाली एक जादा बेल्ट आणि पाना राहील. पण मग काल पंगतीत 'टाका की, टाका की' कोण करत होतं? आज तुम्हीच उलटं कसं विचारता?

"मी आपलं विचारलं," म्हणाले.

मी फोन ठेवला. खांदा अजून ठणकतोय, आणि कुर्ता शिंप्याकडं आहे. तो म्हणतोय, बगलेत जादा कापड घालून देतो, म्हणजे परत उसवणार नाही.