धुकं असलं तरी खिडकी उघडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गाडीमागे ओढून न्यायच्या, आत झोपायची सोय असलेल्या छोट्या ट्रेलरमध्ये हवा कशी खेळती ठेवावी या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा की, पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीला धुकं दारात उभं असताना खिडक्या उघड्या ठेवणं म्हणजे ओलीला आवतण देणं. त्यापेक्षा सगळं गच्च बंद करावं आणि झोपण्याआधी गॅस किंवा कोळशाची शेगडी अर्धा तास पेटवून हवा कोरडी करावी. तुम्ही सांगलीहून मुलाबाळांना घेऊन जाता असंही लिहिलंय, म्हणून आधी शेगडीचंच बोलतो.

कोळशाची शेगडी आत नेऊ नका. दार किलकिलं ठेवूनसुद्धा नको. कोळशातून पाणी जवळजवळ निघत नाही, त्यामुळे हवा कोरडी झाल्यासारखी वाटते, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. निखाऱ्यांवर राख चढली, धूर दिसेनासा झाला की आपल्याला वाटतं धोका टळला. खरं तर धुमसणारे निखारेच हा वायू सोडत राहतात. डोकं जड होतं, झापड येते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, ही बातमी थंडीत आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. ट्रेलर तर खोलीपेक्षा कितीतरी लहान.

गॅसची गोष्ट उलटी आहे. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. म्हणजे ओल घालवायला पेटवलेला गॅस ओल वाढवतोच, वर आतला प्राणवायूही खातो. चहा-भात आत करायचाच तर छताची झडप, म्हणजे हवा बाहेर जायचं झाकणाचं भोक, आणि समोरची खिडकी उघडून करा. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. म्हणून जमिनीलगतच्या जाळीवर सतरंजी पसरू नका.

आता धुकं. हवा १८ अंशांची आणि पूर्ण ओली असेल तर एका घनमीटरमध्ये साधारण १५ ग्रॅम वाफ असते. धुक्याचे थेंब म्हणाल तर घनमीटरला अर्धा ग्रॅमसुद्धा क्वचित भरतात. हीच हवा आत येऊन २४ अंशांपर्यंत तापली की तिची धारणशक्ती २२ ग्रॅमच्या जवळ जाते, म्हणजे ती आणखी पाणी उचलून बाहेर नेऊ शकते. खरं पाणी आपणच सोडतो. झोपेत माणूस श्वास आणि घामातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी टाकतो. चौघं आठ तास झोपले की लिटरभर तरी झालं. बंद डब्यात ते जाणार कुठे? सकाळी एकदा गादी उचलून खालच्या प्लायवर तळहात ठेवून बघा. वरून चादर कोरडी, आणि खाली प्लाय चिकट, थंड. खिडकीच्या रबराच्या कडेला काळे ठिपके दिसले तर बुरशी धरलेली आहे. गादीखाली सलग प्लायऐवजी फटी ठेवून लाकडी पट्ट्या ठोकल्या की बराच फरक पडतो.

पावसाची झड उघड्या खिडकीतून आत येते, हे तुमचं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे पावसाळी वारं पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतं. चाळकेवाडीच्या पठारावर त्या बाजूची खिडकी उघडली तर अंथरूण भिजणारच. म्हणून ट्रेलर असा लावा की दार पूर्वेला येईल. वाऱ्याच्या आडोशाची खिडकी बोटभर उघडा आणि छताची झडप तिच्यावर टोपी बसवून उघडी ठेवा. गरम ओली हवा वरून निघते, थंड हवा खालून येते. पंखा असेल तर तो हवा बाहेर फेकणारा असावा, आणि उघडी खिडकी त्याच्यापासून लांबची हवी. शेजारचीच उघडली तर पंखा तिथलीच हवा ओढून बाहेर टाकतो, आणि मुलं झोपतात तो कोपरा कोंदटच राहतो. डासांसाठी जाळी लावाच, पण ती धुळीने भरली की हवा अडते. ब्रशने झाडत राहा.

तुमच्या ट्रेलरला छतावर झडप नाही असं लिहिलंय, ती बसवून घ्या. कुपवाड एमआयडीसीकडे पत्र्याचं काम करणारा चांगला कारागीर मिळेल. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्मही घ्या. आणि छत कापण्याआधी आतल्या आडव्या पट्ट्या कुठे आहेत, दिव्याची वायर कुठून गेली आहे, ते खडूने आखून घ्यायला सांगा.