नंबर जुळला म्हणून कॅमशाफ्ट जुळत नाही

जुने इंजिन घरीच खोलणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक टिपण बरेच दिवस फिरते आहे आणि ते इतके सुटसुटीत आहे की कोणालाही पटावे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : कॅमशाफ्टवरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा) नंबर जुळला की शाफ्ट तोच, व्हर्नियरने लोबची, म्हणजे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याची, उंची मोजून त्यातून गोल भागाचा व्यास वजा केला की व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे तो किती उघडतो ते, मिळते, उंची पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी भरली तर लोब झिजला, छापील अंश (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा कोन) जितके जास्त तितकी ताकद जास्त, गिअरवरच्या टायमिंगच्या खुणा जुळल्या की मोजण्यासारखे काही उरत नाही, आणि लोबवर नख अडकले नाही तर कॅम-टॅपेटांचा जुनाच संच खुशाल बसवावा. यातले एकही विधान पूर्णपणे निराधार नाही, पण प्रत्येकात एखादी अट गाळलेली आहे, आणि इंजिनाचे नुकसान होते ते त्या गाळलेल्या अटीमुळेच.

प्रथम नंबराविषयी. लोबांच्या मधल्या, यंत्रकाम न केलेल्या भागावर जे उठावदार आकडे दिसतात ते ओतकामाचे असतात. ते कच्च्या शाफ्टची ओळख सांगतात, त्यावर पुढे कोणता आकार घासून काढला ते सांगत नाहीत. एकाच ओतीव शाफ्टवरून कारखाना साध्या गाडीचाही कॅम काढू शकतो आणि वेगवान गाडीचाही. घासकामाची खूण असलीच तर बहुधा टोकाच्या सपाट तोंडावर ठोकलेली असते, आणि शाफ्ट मधल्या काळात पुन्हा ग्राइंड झाला असेल तर तिलाही अर्थ उरत नाही. म्हणून नंबर हा शोधाचा आरंभ मानावा. त्यानंतर जर्नल (शाफ्ट ज्यांवर टेकून फिरतो ते गोल भाग) किती व कोणत्या मापाचे, डिस्ट्रिब्यूटर फिरवणारा तिरप्या दातांचा गिअर कसा आहे, पुढच्या तोंडाला चावीची खाच आहे की डॉवेल (खुंटी), ऑइल पंपाची पकड कशी आहे, हे पाहावे. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ए-सिरीज इंजिनांत ही पकड पिन, खाच आणि स्पायडर अशा तीन प्रकारांची आढळते. लोब हुबेहूब असले तरी पकड चुकली तर पंपच फिरणार नाही.

आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडरमुळे घरोघरी पोहोचलेले १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन यासाठी सोयीचे उदाहरण आहे. त्यात पुढून मागे व्हॉल्व्हचा क्रम एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट आणि पुन्हा तसाच असतो. हा क्रम ठाऊक नसेल तर मोजणारा माणूस इनलेटच्या रकान्यात एक्झॉस्टचे माप लिहितो आणि पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

आता लिफ्ट. वजाबाकीचे सूत्र बरोबर आहे, पण तिचे उत्तर लोबची लिफ्ट असते, व्हॉल्व्हची नव्हे. समजा एकूण उंची ३५.६० मि.मी. आणि बेस सर्कल, म्हणजे लोबचा गोल भाग, २९.२० मि.मी. आहे. लोबची लिफ्ट ६.४० झाली. लोबवर टेकणारा टॅपेट ही हालचाल रॉकर नावाच्या तरफेमार्फत व्हॉल्व्हला देतो; रॉकरचे गुणोत्तर १.४ असेल तर ती ८.९६ होते आणि त्यातून ०.३८ मि.मी. टॅपेट क्लिअरन्स (मुद्दाम ठेवलेली फट) गेला की व्हॉल्व्ह प्रत्यक्षात ८.५८ मि.मी. उघडतो. ज्या इंजिनांत कॅम थेट बकेटवर (व्हॉल्व्हवरच्या वाटीसारख्या टॅपेटवर) दाबतो तिथे गुणोत्तर एक असल्यामुळे टिपणातले विधान क्लिअरन्सपुरते सोडून खरे ठरते. कदाचित लिहिणाऱ्याने तसेच एखादे इंजिन हाताळले असावे.

उंची कमी म्हणजे झीज, हा निष्कर्ष तर सरळ फसवा आहे. ग्राइंडरवाला लोब नव्याने घासतो तेव्हा गोल भाग आणि टोक दोन्ही खाली येतात. वरच्याच शाफ्टची उंची ३४.६० आणि बेस सर्कल २८.२० झाले तरी लिफ्ट ६.४० च राहते. टिपणाप्रमाणे हा शाफ्ट एक मिलिमीटर झिजला म्हणून भंगारात जाईल, वास्तविक तो धडधाकट असू शकतो. फक्त टॅपेट अर्धा मिलिमीटर खाली बसेल आणि ती उणीव अ‍ॅडजस्टरच्या आटोक्यात आहे का हे पाहावे लागेल. उलट, लोबच्या दोन कडांची उंची किंचित वेगळी आली म्हणूनही घाबरू नये. सपाट टॅपेटच्या अनेक इंजिनांत लोबला मुद्दाम बारीक उतार आणि टॅपेटच्या तळाला अगदी थोडा फुगवटा ठेवलेला असतो, जेणेकरून टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहावा. हा उतार झीज समजून सपाट करून आणणारे लोक मी पाहिले आहेत.

हत्यारांबद्दलही बोलायला हवे. साध्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.०२ मि.मी. असते आणि त्याचा जबडा दाबानुसार किंचित कलतो, मायक्रोमीटर ०.०१ वाचतो आणि मापाच्या रेषेतच दाबतो. शिवाय मोजण्यापूर्वी शाफ्ट टोकाच्या जर्नलवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून मधल्या जर्नलवर डायल (काट्याचे सूक्ष्म मापक) लावावा. शाफ्ट फिरवताना काटा एकूण जितका हलेल त्याच्या निम्मा बाक शाफ्टला आहे. वाकलेल्या शाफ्टवर डायलने घेतलेली लिफ्ट प्रत्येक लोबला निराळी येते आणि दोष उगाच लोबांच्या माथी बसतो.

अंशांचा मुद्दा तसा चटकन सुटणारा आहे. व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो हे कोणत्या लिफ्टपासून मोजायला सुरुवात केली यावर ठरते. कोणी टॅपेट जेमतेम हलला की मोजतो, कोणी एक मिलिमीटरपासून, तर अमेरिकी पद्धतीत तुलनेसाठी ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मि.मी. धरतात. एकाच कॅमच्या दोन आकड्यांत यामुळे चाळीस-पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. मोजणीची उंची न सांगता दिलेले ‘२८० अंश’ म्हणजे कोणत्या गावापासून ते न सांगता दिलेले अंतर. खरे अंश हवे असतील तर ते मूळ टॅपेट बसवूनच घ्यावेत, कारण डायलचे बारीक टोक लोबच्या कुशीवर सपाट टॅपेटपेक्षा कमी लिफ्ट दाखवते. लोबच्या अगदी टोकावर तेवढी दोघांची वाचने जुळतात.

सर्वांत मोठी दिशाभूल टायमिंगच्या खुणांबाबत आहे. खुणा जुळणे म्हणजे दात चुकलेला नाही एवढेच. ताणलेली चेन, दुसऱ्या कारखान्याचा गिअर, किंचित सरकलेली चावीची खाच यांचा हिशेब खुणा ठेवत नाहीत. आणि कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) दोन. कॅमच्या गिअरला चाळीस दात असतील तर एक दात चुकणे म्हणजे क्रँकचे अठरा अंश, ते लगेच लक्षात येते. चार-पाच अंशांची चूक मात्र गाडी निमूटपणे चालवून घेते आणि मालक वर्षानुवर्षे कार्ब्युरेटरला दोष देत राहतो.

ही चूक पकडण्यासाठी क्रँकवर अंशांची चकती लावावी लागते, आणि तीही खऱ्या टीडीसीपासून, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूपासून. बी-सिरीजच्या या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मि.मी. आहे; वरच्या टोकापासून क्रँक एक अंश सरकला तर पिस्टन एक शतांश मिलिमीटरही हलत नाही. नुसत्या नजरेने टीडीसी धरणे त्यामुळे अशक्यच. पिस्टनला अडवणारा स्टॉप लावून क्रँक दोन्ही दिशांनी टेकेपर्यंत फिरवावा आणि दोन वाचनांचा मध्य शून्य धरावा. मग स्टॉप काढून, चेनमधली ढिलाई मोजणीत शिरू नये म्हणून क्रँक नेहमी चालत्या दिशेनेच फिरवत, पहिल्या सिलिंडरच्या इनलेट टॅपेटवर डायल ठेवावा. कमाल लिफ्टच्या अलीकडे आणि पलीकडे काटा सारख्याच अंतरावर असताना अंश टिपावेत. ते टीडीसीनंतर ६२ आणि १५४ आले तर इनलेटचा मध्य १०८ अंशांवर. एक्झॉस्टचा मध्य अशाच रीतीने टीडीसीपूर्वी ११२ आला तर दोन लोबांमधला कोन ११०. हा कोन शाफ्टमध्ये कायमचा घासलेला असतो, तो गिअर सरकवून बदलत नाही; त्यामुळे अनोळखी शाफ्ट ओळखायला कोणत्याही नंबरापेक्षा तो अधिक भरवशाचा.

राहिली नखाची परीक्षा. नखाला खड्डा किंवा पायरी कळते. गुळगुळीत राहून दोन दशांश मिलिमीटर बसलेले टोक कळत नाही, उलट ते नव्यापेक्षा चकचकीत दिसते. टॅपेटची खरी परीक्षा सोपी आहे : एका टॅपेटचा तळ दुसऱ्याच्या सरळ बाजूला टेकवून दोन्ही उजेडासमोर धरावेत. ते एकमेकांवर किंचित डुलले तर फुगवटा शाबूत आहे; मधून उजेड दिसला तर तळ खोलगट झाला आहे आणि तो टॅपेट कोणत्याच लोबवर घालू नये. चांगले निघालेले टॅपेट आपापल्या जुन्या लोबवरच परत जावेत, म्हणून काढतानाच ते क्रमांक घातलेल्या खोक्यात ठेवावेत. शाफ्ट नवा किंवा पुन्हा घासलेला असेल तर सपाट टॅपेटचा संचही नवा किंवा तळ नीट घासून घेतलेला हवा.