दोन दिवस म्हणे!

इंदूरच्या टूरवाल्यानं मेहुण्यांपुढेही तेच जाहिरातीचं पान सरकवलं: ‘व्हिएतनामच्या हा-लाँग खाडीतली (हा-लाँग बे) क्रूझ, दोन दिवस-एक रात्र.’ अहो, कसले दोन दिवस? हनोईहून अडीच तास बस, दुपारी १२ला बोटीवर, दुसऱ्या दिवशी ९.३०लाच खोली रिकामी करा! आम्ही ओला टॉवेल पिशवीत कोंबून जेवणाच्या हॉलमध्ये ताटकळत बसलो होतो. त्या खाडीत १६००च्या आसपास बेटं, १९९४पासून जागतिक वारसा. पण धड बघू कोण देतंय? गुहा, कायाक, स्प्रिंग रोलची शिकवणी, पहाटे ‘ताई-ची’चा चिनी व्यायाम. झोपू द्या की! २२ तासांचे दोन दिवस होत असतील, तर आमचा इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतला रात्री १० ते १चा फेरासुद्धा दोन दिवसांचीच सहल. तारीख बदलतेच ना!