(दीर्घ शांतता)

दोन सख्खे भाऊ, कुंपणावरचा एक फणस आणि त्या फणसापायी २० वर्षे धरलेला अबोला, एवढ्या भांडवलावर मी एक नाटक लिहिले. पावसाळ्याच्या तोंडावर ते आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाच्या स्वाधीन केले, तेव्हा त्यात कंसात ‘दीर्घ शांतता’ हे शब्द २७ वेळा आले होते. (नुसती ‘शांतता’ आणखी १६ ठिकाणी होती; ती मी हिशेबात धरत नाही.) नाटकात जे काही खरोखर माझे होते ते त्या कंसांत होते, बाकीचे भांडण कोकणात कोणालाही फुकट मिळते.

पहिले वाचन देवळाच्या सभामंडपात झाले. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा आमच्या सभामंडपाच्या पत्र्यावर पडतो, असा माझा अनुभव आहे. वाचन गुरुजींनी केले. गुरुजी म्हणजे आमचे दिग्दर्शक. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज त्यांनी अजून परत केलेला नाही. ‘दीर्घ शांतता!’ असे पत्र्यावरच्या पावसाला दरडावून ते क्षणाचीही उसंत न घेता पुढच्या वाक्याला हात घालीत. वाचन संपले, चहा आला आणि खजिनदारांनी चर्चेला तोंड फोडले. ‘नाटक बरा आसा. पण ती शांता काढा. आधीच बायकोचा काम करूक कोण गावणा नाय, त्यात आणि ही दीर्घ शांता कित्याक?’

शांता नावाचे पात्र नाटकात नाही हे त्यांना पटवायला दुसरा चहा लागला.

जुलै आणि ऑगस्टमध्ये तालमी झाल्या. पत्र्याखाली एकमेकांचे ऐकू यावे म्हणून सगळी पात्रे टिपेला बोलत. धाकटा भाऊ आपल्या मरणासन्न आईच्या कानात जे गुपित सांगतो, ते नदीपलीकडच्या वाडीतल्या लोकांना पाठ झाले. पाऊस ओसरला, भातकापणी आली आणि गेली, पण आवाज काही खाली उतरले नाहीत. शांततेचे म्हणाल, तर पावसात ती घेणे आणि न घेणे यांत कोणालाच फरक कळत नसल्यामुळे गुरुजींनी तिची तालीम ‘पुढे बघू’ या सदरात टाकली.

खरी अडचण थोरल्या भावाची होती. ही भूमिका ज्या आबांकडे गेली, त्यांची उभी हयात दशावतारात गेलेली. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. त्या रात्रीचे आख्यान काय ते आधी सांगतात, आणि मग रंगसभेतल्या एका बाकड्याच्या आधारावर संवाद जागच्या जागी रचत नटमंडळी रात्र काढतात. अशा माणसाला गप्प बसायला सांगणे म्हणजे होडीला जमिनीवर चालायला सांगणे होय. माझ्या पहिल्याच शांततेत आबा धाकट्या भावाकडे वळले आणि म्हणाले, ‘हे कनिष्ठ बंधो, या कंटकयुक्त फळासाठी तू रक्ताच्या नात्याला तिलांजली दिलीस?’ त्यापुढे ते जे दहा मिनिटे बोलले, ते (हे मी नाइलाजाने नोंदवतो) माझ्या पहिल्या अंकापेक्षा सरस होते.

दरम्यान नवी संहिता म्हणून ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे रीतसर पाठवली होती. तिकडून प्रमाणपत्र आले. एकाही शब्दाला हरकत नव्हती आणि २७ च्या २७ शांतता मंजूर होत्या. तो कागद आबांच्या पुढ्यात ठेवून मी म्हणालो, ‘आबा, आता या शांतता शासनमान्य आहेत.’ आबांनी चष्मा लावून कागद नीट वाचला आणि परत देत म्हणाले, ‘शासनाक रातभर लोकांका जागवूचा लागणा नाय.’

त्यानंतर शांततांची गळती वेगाने झाली. तीन अंकांचे दोन अंक झाले, कारण लांबच्या वाडीतल्या मंडळींना शेवटची एस्टी गाठायची असे. त्यात सहा गेल्या. पार्श्वसंगीताला बसलेल्या भजनीबुवांना रिकामी जागा दिसली की पेटीचा भाता आपोआप हलू लागे. त्यात आठ गेल्या. प्रकाशयोजना सांभाळणारा मुलगा कोणी बोलेनासे झाले की प्रवेश संपला असे समजून काळोख करी. नेपथ्यात दोन भावांना दोन स्वतंत्र दारे होती, परंतु टेम्पोत एकच दार मावल्यामुळे २० वर्षे तोंड न पाहिलेले हे भाऊ दर प्रवेशात त्याच दाराशी ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करू लागले, आणि एवढी सलगी झाल्यावर अबोला कसला धरायचा?

रंगीत तालमीला एक, शेवटची, शांतता उरली होती. ती प्रॉम्प्टरने मोडली. प्रॉम्प्टिंगला आमच्या गावचे पोस्टमन बसत. अत्यंत कर्तव्यदक्ष माणूस. कोणी थांबले की तो विसरला, अशी त्यांची श्रद्धा, आणि पुढचे वाक्य ते पत्त्यावर पोहोचवल्याशिवाय राहत नसत. मी त्यांना बाजूला घेऊन जवळजवळ हात जोडले. ‘रंगमंचावर कितीही शांतता पसरली, तरी मी सांगितल्याशिवाय तुम्ही तोंडातून अक्षर काढायचे नाही.’ त्यांनी मान डोलावली आणि तसे पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

१९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी आम्ही रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात पोहोचलो. नारळ फुटला, गाऱ्हाणे झाले, तिसरी घंटा झाली. पहिला अंक टिपेच्या आवाजात सुरळीत गेला. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर, जिथे माझ्या संहितेत कंस नव्हता आणि कधीच नव्हता, तिथे आबा फणसाबद्दल स्वतःचे काहीतरी बोलता बोलता थांबले. हात वर, तोंड किंचित उघडे, नजर दूर कुठेतरी. धाकटा भाऊ दारात अडकून उभा. बुवांचा हात भात्यावर होता, पण सूर निघेना. सगळे नाट्यगृह स्तब्ध झाले. परीक्षकांपैकी एकाने लिहायचे थांबवून मान वर केली, आणि मागच्या रांगांतून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. नाटक लिहिताना मनात जी शांतता होती ती हुबेहूब हीच.

विंगेत पोस्टमन पुस्तकावर बोट ठेवून माझ्याकडे पाहत होते. कपाळावर घामाचे थेंब जमले होते, पण ओठ घट्ट मिटलेले. अखेर न राहवून ते माझ्या कानाशी लागले.

‘सांगू काय आता?’

मी घाईघाईने पुस्तक ओढून घेतले. पाने पुढे चाळली, मागे चाळली. ते वाक्य माझ्या नाटकात नव्हतेच.