व्हिक्टर फ्रँकल आणि ‘ऑशविट्झमधली तीन वर्षं’: खुलासा

‘व्हिक्टर फ्रँकल तीन वर्षं नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत होते, घरातलं कुणीच उरलं नाही आणि छावणीत बसूनच त्यांनी “मॅन्स सर्च फॉर मीनिंग” लिहिलं’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. पाठवणाऱ्यांची भावना चांगलीच आहे, पण तपशील चुकलेत.

व्हिएन्नाच्या या मनोविकारतज्ज्ञांना सप्टेंबर १९४२ मध्ये नाझींच्या तेरेझिनश्टाट छावणीत नेलं. दोन वर्षं तिथेच गेली. वडीलही तिथेच वारले. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ, पण मोजकेच दिवस. मग डाखाऊ या मोठ्या छावणीच्या अखत्यारीतल्या काउफरिंग आणि ट्युर्कहाइम या छावण्या. २७ एप्रिल १९४५ ला सुटका. पुस्तकातले बहुतेक प्रसंग छोट्या छावण्यांतले आहेत, हे फ्रँकल यांनी त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय. निदान तेवढं पान तरी वाचायला हवं होतं.

आई, भाऊ आणि पत्नी टिली यांचा छावण्यांत अंत झाला. बहीण स्टेला मात्र वाचली.

राहिला लिहिण्याचा मुद्दा. कोटाच्या अस्तरात लपवून नेलेलं आणि ऑशविट्झमध्ये गमावलेलं हस्तलिखित दुसऱ्याच पुस्तकाचं होतं. ट्युर्कहाइमला टायफसच्या तापात, रात्री जागं राहण्यासाठी, कागदाच्या कपट्यांवर त्यांनी पुन्हा टिपणं काढली ती त्याचीच. छावणीच्या आठवणी, म्हणजेच ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’, त्यांनी सुटकेनंतर व्हिएन्नात ९ दिवसांत तोंडी सांगून लिहवून घेतल्या. १९४६ मध्ये त्या जर्मनमध्ये छापल्या गेल्या.

तेव्हा जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.